अर्धा तुकडा

पट्टी काढून झाल्यावर नर्सबाई म्हणाली, "उघडा आता हळूहळू," आणि शेडबाईनं उजवा डोळा उघडला तर समोर भिंत होती. दवाखान्याची साधी भिंत, काही टांगलेलं नाही, काही लिहिलेलं नाही, पण ती पांढरी होती. इतकी पांढरी की आपण आत असताना कुणी रंग मारून गेलं की काय असं तिला वाटलं. कालच हीच भिंत बघून तिनं मनात म्हटलं होतं, काय हा कळकट रंग, कुणाच्या डोक्यातून निघाला असेल. तिनं उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं पाहिलं. डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. भिंत फिक्या चहासारखी दिसली. डावा मिटला, उजवा उघडला. पांढरी. पुन्हा चहा. पुन्हा पांढरी. नर्सबाई हसायला लागली. "पहिल्या दिवशी सगळे हाच खेळ करतात. एक आजोबा तर घरी जाऊन बायकोवर चिडले, म्हणे उशीच्या अभ्र्यावर फुलं आहेत आणि मला इतकी वर्षं कुणी बोललं नाही." बाकावर बसलेल्या बायकाही हसल्या. शेडबाईला हसू आलं नाही. मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली, कारण पर्समध्ये तो तुकडा होता, आणि तो बघायची तिची हिंमत होत नव्हती.

शेडबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कारखान्यानं ठेवलं, तिथं रंगाच्या छटेला शेड म्हणतात, आणि इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा. कापड रंगवण्याचा कारखाना. मशीनमध्ये कापड रंगत आलं की रंगारी त्याचा एक तुकडा काढून, वाळवून तिच्या खोलीत आणायचा. त्या खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, तिच्या अंगावरचा कोटही राखाडी, कारण शेजारी दुसरा कुठलाही रंग असला की डोळा फितूर होतो. गिऱ्हाइकाचा मूळ नमुना एका हाताला, आलेला तुकडा दुसऱ्या हाताला, आणि मध्ये ती. ती म्हणणार "निळा वाढव चिमूटभर", नाहीतर म्हणणार "पास". एकदा पास म्हटलं की संपलं, तिथं मालकाचंही चालायचं नाही. मालकांनी मध्यंतरी रंग मोजायचं मशीन आणलं होतं, मोठ्या कौतुकानं. ते तिच्यासमोर दोनदा तोंडघशी पडलं, तेव्हापासून त्याच्यावर बायका जेवणाचे डबे ठेवतात. आणि पास केलेला तुकडा ती तिथल्या तिथं कात्रीनं मधोमध कापायची. अर्धा तिच्या खणात, अर्धा रंगाऱ्याकडे. ही त्या धंद्याची जुनी रीत. उद्या माल परत आला, भांडण झालं, तर दोघांनी आपापला अर्धा काढून टेबलावर ठेवायचा. मग बोलायची गरजच नाही, तुकडेच काय ते सांगतात. ज्याच्याकडे आपला अर्धा नाही तो खोटा, इतकं सोपं.

दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मुद्दाम. कारखान्यात तिनं सांगितलं होतं की थोरल्या बहिणीचे गुडघे धरलेत, तिच्याकडे चार दिवस राहायला जाते. बहीण ते ऐकून म्हणाली होती, "माझे गुडघे बरे सापडले तुझ्या नावाला. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे काय चोरी आहे? सगळं जग करतं." शेडबाई म्हणाली, "सगळ्या जगाच्या डोळ्यावर कारखाना चालत नाही." बहीण गप्प बसली, म्हणजे गप्प बसणाऱ्यातली ती नव्हे, पण बसली. आज रिक्षात तिनं शेडबाईचा हात हातात धरला होता आणि रस्ताभर बडबडत होती, हे दुकान दिसतं का, ती पाटी दिसते का, त्या बाईची छत्री कुठल्या रंगाची सांग बघू. शेडबाई सांगत होती. निळी. आकाशी म्हण, पण त्यात जरा जांभळ्याची झाक आहे. आणि सांगता सांगता तिच्या ध्यानात येत होतं की निळा रंग आपण किती दिवसांत पाहिलेला नाही. निळा असायचा, पण मळलेला, दमलेला, सगळ्या निळ्यांचा मिळून एकच निळा. तो हळूहळू मळला असणार, रोज थोडा थोडा, म्हणून कळलं नाही. रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं कळत नाही तसं. पण किती दिवस झाले असतील? एक वर्ष? तीन? त्या काळात तिनं किती वेळा "पास" म्हटलं? तिनं हिशोब करायचं टाळलं. बाकीच्या मालाचं काय झालं असेल ते असो, कुणाची तक्रार नव्हती. तक्रार एकाच मालाची होती.

साय नावाची शेड. दुधावरच्या सायीचा रंग, पांढराही नाही आणि पिवळाही नाही, सगळ्यात अवघड. एका मोठ्या सभागृहाचे पडदे होते, छतापासून जमिनीपर्यंत, दोन लॉटमध्ये म्हणजे दोन खेपांत रंगवलेले. पडदे लागले, दिवे लागले आणि दिसलं की अर्धे पडदे सायीचे आहेत आणि अर्धे धुवून धुवून निळसर पडलेल्या चादरीसारखे. सभागृहवाल्यांनी आकांत केला. मालकांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, परत आलेलं कापड टेबलावर पसरलं, शेजारी मूळ नमुना ठेवला. सगळे वाकून बघायला लागले. माल सांभाळणारा कोठीवाला चुकचुकला, मालक म्हणाले, "आंधळ्याला दिसेल हो हे." शेडबाईनंही पाहिलं. आणि तिला फरक दिसला नाही. हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही, रात्री उशीत तोंड खुपसूनही नाही. दोन्ही कापडं तिला सारखी दिसली, अगदी सारखी, आणि सगळे माना हलवत होते. मग तिनंही हलवली. "हं," ती म्हणाली, "फरक आहे. चांगलाच आहे." रात्री झोप झाली नाही, उजेड बरोबर नाही, असं काहीतरी तिनं मनाला सांगितलं, आणि मन काय, सांगू ते ऐकतं. मालकांनी विचारलं, "मग पास कसं झालं, बाई?" विचारलं तेही अगदी अदबीनं, चुकून पाय लागल्यासारखं. ती म्हणाली, "मी पास केलं तेव्हा शेड बरोबर होती." एवढंच. पण त्या धंद्यात या एवढ्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पास करणारीनं बरोबर पास केलं, म्हणजे नंतर रंगाऱ्यानं हात घातला. पास झालेल्या रंगात हात घालणं याच्याएवढं वाईट तिथं दुसरं काही नाही. आणि रंगारी होता तिचा दीर.

दीर म्हणजे कसला, लेकच. ती लग्न होऊन आली तेव्हा तो दप्तर पाठीवर टाकून दारात उभा होता आणि म्हणाला होता, "तू आमच्याकडेच राहणार का आता?" सासूबाई आधीच गेलेल्या. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत बाईंची बोलणी खाण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. नवरा त्याच कारखान्यात रंगारी होता, रंग बघायला त्यानंच तिला शिकवलं, आणि तो असा अचानक गेल्यावर घरात ही दोघंच उरली, दिराचं लग्न होऊन तो वेगळा राहायला लागेपर्यंत. नवऱ्याच्या जागी दिराला घ्या म्हणून जुन्या मालकांकडे तीच गेली होती. "माझ्या शब्दावर घ्या," असं म्हणाली होती. आणि त्यानं तो शब्द कधी खाली पडू दिला नाही. कारखान्यात सगळ्यांसमोर तो तिला वहिनी म्हणायचा, अहोजाहो करायचा, आणि घरी आला की, "ए वहिनी, डोकं दुखतंय, तेल चोळ." साय शेडच्या दिवशी तुकडा घेऊन आला तेव्हा तो दारातच घुटमळला होता. "वहिनी, परत एकदा बघता का? मला जरा निळ्यावर गेल्यासारखी वाटतेय." बाहेर बायका उभ्या होत्या, कोठीवाला उभा होता. तिला राग आला. खरं तर भीती वाटली असणार, पण माणसाला भीती वाटली की राग सोयीचा पडतो. ती म्हणाली, "आता तू मला शिकवणार का?" बायका फिसकन हसल्या. तोही हसला, कान पकडल्यासारखं केलं, आणि आपला अर्धा तुकडा घेऊन गेला.

त्या बैठकीत मालकांनी त्याला विचारलं, "तुझा तुकडा कुठाय?" आता इथं तो खिशात हात घालणार आणि तुकडा काढून ठेवणार असं तिला वाटलं होतं. तिचा तर खणात होता, तिनं सकाळीच काढून पाहिला होता, नमुन्याशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे तिला तसा दिसत होता. दिरानं खिशात हात घातला. तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, तिच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. मग हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि म्हणाला, "हरवला." शेडबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा असा निघाला म्हणून. "माझा दाखवू का?" असं तिनं विचारलंही, तर मालक म्हणाले, "छे हो बाई, तुम्हाला कोण विचारतंय." त्या दिवसापासून त्याला रंगावरून काढून गोदामात गठ्ठे उचलायला लावलं. आठवड्यानं त्यानं तेही सोडलं. शेजारच्या दोन कारखान्यांत जाऊन आला, पण बातमी त्याच्या आधी पोचली होती. ती इतके दिवस त्याच्या घरी गेली नव्हती. रागावली होती ना. पण खणातला तुकडा मात्र मूळ नमुन्यासकट काढून पर्समध्ये ठेवला होता, आणि तो का ठेवला हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

बहिणीच्या घरी पोचल्यावर ती खिडकीशी बसली. बहीण आत चहा टाकत होती, भांड्यांचा आवाज येत होता. उन्हं चांगली होती, रंग बघायला हवा तसा उजेड होता. तिनं तुकडा काढला, साय शेडचा मूळ नमुना काढला, दोन्ही मांडीवरच्या करड्या शालीवर शेजारी शेजारी ठेवले. आधी डाव्या डोळ्यानं पाहिलं. एकसारखे. या जुन्या डोळ्याची तिला त्या क्षणी अशी काही माया आली की बस्स, यानंच बघत राहावं, दुसरा उघडूच नये. मग उजवा उघडला. एक सायीचा होता. दुसरा निळसर, उघडाउघड निळसर, तिच्या हातानं मधोमध कापलेला, कात्रीची तिरकी कड तिचीच. आंधळ्याला दिसेल हो हे. कुणी हात घातला नव्हता. तो तुकडा आला तेव्हाच असा होता, आणि दारात उभं राहून त्यानं तेच सांगितलं होतं. मग त्या खिशातला हात. हरवला म्हणे. त्याचा कधी एक खिळा हरवला नाही. त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं, त्याला कळलं की हिला दिसत नाही, आणि त्यानं ठरवलं. पुरता विचार करायला वेळही नसेल मिळाला बिचाऱ्याला. तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की बहीण चमचा घेऊन धावत आली. "दुखतंय का?" "नाही गं," शेडबाई म्हणाली, "उजेड लागला." डोळ्यातून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती दात आवळून बसली आणि तिनं दोन्ही तुकडे परत पर्समध्ये ठेवले.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. कसे आहेत गुडघे वगैरे झालं. मग म्हणाले, "सोमवारी या बाई नक्की, तीन लॉट अडलेत तुमच्यासाठी. आणि ते सभागृहाचं मिटलं हो. मी त्यांना तोंडावर सांगितलं, आमचा डोळा चुकत नाही, हात चुकला, तो हात आम्ही काढून टाकला. त्यांना ते पटलं. तुमच्या नावावर पुन्हा ऑर्डर दिली." आता बोलावं. मालक, तो हात चुकला नव्हता. एवढं एक वाक्य. ते जिभेवर आलंही, पण मागोमाग बाकीचं सगळं दिसायला लागलं. मशीनवरचे डबे बाजूला होणार, झाकण निघणार. तिनं आजवर पास केलेल्या प्रत्येक ताग्यावर कुणीतरी बोट ठेवणार, हा बघितला होता का नीट, आणि हा? नवऱ्यानं शिकवलेली नजर, तिच्यावर लोक फिदीफिदी हसणार. ज्या बायका तिला वाट करून देतात त्या म्हणणार, दिसत नव्हतं तर बोलायचं होतं, दिराचा बळी कशाला दिला. आणि खरंच म्हणणार. "येते सोमवारी," ती फोनवर म्हणाली. ठेवला. मग तिनं ठरवलं की मालकांचं नंतर बघू. आधी त्याच्याकडे जायचं. त्याच्यासमोर तुकडा ठेवायचा आणि म्हणायचं, मला दिसलं रे. निदान त्याच्या घरात तरी त्याचं तोंड उजळ होऊ दे. हे ठरवल्यावर तिला जरा श्वास घेता आला.

दुपारी ती काळा चष्मा लावून निघाली. बहीण म्हणाली, "डॉक्टरांनी बाहेर पडू नको म्हटलंय." ती म्हणाली, "घरच्याच घरी जातेय." जिना चढताना एका डोळ्याला पायरी जवळ, एकाला लांब, त्यामुळे कठड्याला धरून चढावं लागलं. दार त्यानंच उघडलं. दाढी वाढलेली, अंगात घरातला जुना सदरा. तिला बघून त्याचा चेहरा आधी उजळला, मग त्यानं तो सावरला. "ये वहिनी." आत जमिनीवर पसारा होता, मिक्सर उघडून बसला होता. "शेजाऱ्यांचा आहे," तो म्हणाला, "करतो काहीबाही." ती खुर्चीवर बसली आणि चष्मा काढला. त्यानं उजव्या डोळ्याखालचा चिकटपट्टीचा डाग पाहिला. काही विचारलं नाही, कुठे, कधी, आम्हाला का नाही कळवलं, काही नाही. नुसतं म्हणाला, "दिसतं का आता नीट?"

"दिसतं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

तो हातातला स्क्रू खाली ठेवून सरळ बसला. वाट बघत बसला. लहानपणी ती बाजारातून आली की पिशवीकडे बघायचा नाही, तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, आपल्यासाठी काही आणलंय का ते ओळखायला. तसाच. तिनं पर्सची चेन ओढली. बोटांना तुकडा लागलासुद्धा. आणि तेवढ्यात आतून जाऊ आली, पदराला हात पुसत. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती आली ती शेडबाईच्या पायांशी जमिनीवरच बसली आणि तिनं तिचे गुडघे धरले.

"ताई, मीच येणार होते तुमच्याकडे. पण तोंड नव्हतं हो. तुम्ही यांना हाताला धरून तिथं नेलंत, तुमच्या शब्दावर, आणि यांनी तुमच्याच कामात अशी माती कालवली. का केलं म्हणून विचारते तर बोलत नाहीत. रोज विचारते. मला दुसऱ्या कुणाचं काही नाही वाटत ताई, लोक म्हणोत काय म्हणायचं ते. पण तुमच्यासारख्या माणसाला यांनी खाली बघायला लावलं, हे मला सहन होत नाही. घास उतरत नाही मला. तुम्ही एकदा म्हणा, माफ केलं. एवढंच म्हणा."

शेडबाईनं वर पाहिलं. दीर तिच्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर काही फार नव्हतं, नुसती जराशी आशा होती, तीही त्यानं लपवायचा प्रयत्न केलेली. कारखाना गेला तर गेला, बायकोला तेवढं खरं कळलं तर चालेल, एवढीच. किती थोडं मागत होता. आणि तिच्या मांडीवर जावेचं तोंड होतं, वर केलेलं, भाबडं, देवासारखं माणूस बघावं तसं तिच्याकडे बघणारं. हिला सांगितलं की हे तोंड फिरणार. हेच डोळे उद्या तिच्याकडे कसे बघतील ते तिला आत्ताच दिसलं, नव्या डोळ्यानं, लख्ख. मालक नव्हते इथं, बायका नव्हत्या, धंदा नव्हता. एक बाई होती फक्त, ओटा आवरून आलेली. तिच्यासमोरसुद्धा शेडबाईला आपलं नाव खाली ठेवता येईना. तिनं तोंड उघडलं तेव्हा खरंच, अगदी खरंच, तिला वाटत होतं की आपण सांगणार आहोत.

"माफ केलं गं," ती म्हणाली. "मी कधीच माफ केलं. पोरच आहे तो माझं."

जाऊ रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. शेडबाईचा हात तिनं कपाळाला लावला. पर्समधली बोटं शेडबाईनं सावकाश बाहेर काढली आणि चेन लावली. दिराकडे बघायचं तिनं टाळलं, पण टाळून काय होतं, खोली ती केवढी. तो उठला होता. त्यानं मिक्सरचे स्क्रू एका वाटीत गोळा केले, वाटी कपाटावर ठेवली, आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ऐकलंस ना? झालं समाधान? आता दोन घास खा."

"ताई, तुम्ही बसलात तरच," जाऊ म्हणाली.

त्यानं तिघांची ताटं घेतली. शेडबाईनं नको म्हणायला हवं होतं, डॉक्टरांचं कारण होतं, बहिणीचं होतं. पण त्यानं पाट मांडला, पाणी ठेवलं, आणि "बस वहिनी" म्हणाला, आणि ती बसली. जाऊ तिच्या शेजारी बसून कितीतरी दिवसांनी भुकेनं जेवत होती, मध्येच तिच्या ताटात वाढत होती, अजून घ्या, अजून थोडं. समोर दीर खाली मान घालून जेवत होता. शेडबाईला वाटलं होतं की घास घशात अडकेल. अडकला नाही. तिला भूक लागली होती, आणि ती पोटभर जेवली.